डिटेक्टर गप्प आहे म्हणजे आवाज नाही असं नव्हे

माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झला (सेकंदाला २० हजार कंपनं) हात टेकतो, तोही तरुण कान, वय वाढलं की हद्द अजून खाली येते. त्याच्या वर चाललेला गोंगाट, म्हणजे अल्ट्रासाऊंड, आपल्याला कळतच नाही; तो ऐकवणारं यंत्र म्हणजे डिटेक्टर. १९३८ मध्ये हार्वर्डला डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी प्रोफेसर पिअर्सच्या मशीनसमोर वटवाघळं घेऊन गेला (मशीन खरं तर किड्यांचे आवाज ऐकायला बनवलेलं) आणि तोवर मुकी वाटणारी वटवाघळं सतत ओरडतायत हे पहिल्यांदा कळलं.

मग मोबाईलवर का नाही ऐकू येत? कारण आवाज डिजिटल करताना त्याचे सेकंदाला जितके नमुने घेता त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचाच आवाज नीट पकडता येतो. मोबाईल सहसा ४८ हजार नमुने घेतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झला खेळ संपला. त्याच्या वरचं आधीच गाळून टाकावं लागतं, नाहीतर ४० किलोहर्ट्झचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ८ किलोहर्ट्झचं भूत होऊन बसतो. ऑडिओमॉथसारखी छोटी रेकॉर्डिंग यंत्रं ३,८४,००० नमुने घेतात, म्हणून १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं.

हातात धरायचा स्वस्त डिटेक्टर बहुतेक वेळा हेटरोडाइन असतो आणि त्याची युक्ती मला फार आवडते. बटण फिरवून ४३ वर लावलं की यंत्र स्वतः ४३ किलोहर्ट्झचा सिग्नल तयार करतं, बाहेरून ४५ चा आवाज आला की दोघांतला फरक, म्हणजे २ किलोहर्ट्झ, स्पीकरमधून ऐकू येतो. पण ४१ चा आवाज आला तरी फरक २ च! मग ओळखायचं कसं, तर बटण ४४ वर न्यायचं, आवाज जाड झाला तर मूळ आवाज वर आहे, बारीक झाला तर खाली. यातली मोठी अडचण अशी की लावलेल्या आकड्याच्या आजूबाजूचे थोडेच किलोहर्ट्झ ऐकू येतात, ४५ वर लावून उभे राहिलात आणि ११० वर ओरडणारं छोटं हॉर्सशू वटवाघूळ शेजारून गेलं तरी डिटेक्टर ढिम्म. त्यामुळे "काही नाही सापडलं" असं लिहिताना बटण कशावर होतं ते लिहायलाच हवं, नाहीतर त्या नोंदीला काही अर्थ नाही.

दुसरे प्रकार आहेत, फ्रिक्वेन्सीला १० ने भागणारे (सगळा पट्टा एकदम ऐकू येतो पण बारकावे जातात) आणि रेकॉर्ड करून १० पट हळू वाजवणारे. जागेवर ऐकायची मजा हेटरोडाइनमध्ये, पण अभ्यास करायचा असेल तर सरळ पूर्ण रेकॉर्डिंग घ्या असंच मी सांगेन.

मायक्रोफोनही बघून घ्या. ४० किलोहर्ट्झचे पिझो सेन्सर (कंपनाची वीज करणारे), गाडीच्या पार्किंगसाठी असतात तसले, त्या एकाच फ्रिक्वेन्सीपाशी तेज असतात, बाकी ठिकाणी जवळजवळ बहिरे. रुंद पट्ट्यासाठी हलका, चिमुकल्या पडद्याचा मेम्स (चिपवर बनवलेला) मायक्रोफोन बरा. टेस्टिंगला किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा, त्यातून भरपूर अल्ट्रासाऊंड निघतो, नुसती बोटं एकमेकांवर चोळली तरी निघतो.

आणि अंतराचं विसरू नका. हवा वरच्या फ्रिक्वेन्सी गिळते, ४० किलोहर्ट्झला मीटरमागे सव्वा डेसिबलच्या आसपास, १०० ला साधारण ३. म्हणजे १०० किलोहर्ट्झला १० मीटरवर ३० डेसिबलची घट, ऊर्जेचा हजारातला एक भाग उरला, आणि आवाज पसरल्यामुळे होणारी घट वेगळीच. त्यामुळे ११० वाल्यासाठी कितीही महागडा डिटेक्टर घेतला तरी काही मीटर जवळ जावंच लागतं.