खलनायकाच्या तोंडी गाणं आलं की काय होतं

व्हिक्टर ह्युगोची फ्रेंच कादंबरी 'ले मिझराब्ल' वाचलेली माणसं तिच्यावरचं म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक, बघून आली की तक्रार ठरलेली, तो लबाड खानावळवाला तेनार्दिए एवढा गमत्या कधी झाला आणि त्याची मुलगी एपोनीन एवढी सोज्वळ कशी? याचं मूळ शोधायला पॅरिस नाही, लंडन गाठावं लागतं. १९६० साली लायोनेल बार्टने डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीवरून 'ऑलिव्हर!' हे म्युझिकल केलं. कादंबरीतला फॅगिन म्हणजे पोरांना चोऱ्या शिकवणारा म्हातारा, वर ज्यूंबद्दलचे सगळे घाणेरडे समज त्याच्यावर लादलेले, आणि शेवटी फाशी. बार्ट स्वतः ज्यू, महायुद्ध संपून जेमतेम पंधरा वर्षं झालेली, तसाच्या तसा फॅगिन कोण स्टेजवर आणणार? मग त्याला झकास गाणी मिळाली, फाशी गेली, आणि लोकांना तो चक्क आवडायला लागला.

पुढे अलँ बुब्लिल हा फ्रेंच गीतकार लंडनला हेच 'ऑलिव्हर!' बघायला बसला होता, त्यातला खिसेकापू पोरगा बघून त्याला ह्युगोच्या कादंबरीतला रस्त्यावरचा पोरगा गाव्रोश आठवला, आणि तिथून 'ले मिझराब्ल'च्या म्युझिकलचं चक्र फिरलं. संगीत क्लोद-मिशेल शोनबर्गचं, १९८० ला अल्बम आणि पॅरिसचे प्रयोग, मग १९८५ ला लंडनच्या बार्बिकनमध्ये इंग्रजी अवतार. आणि ज्या गाव्रोशवरून हे सुरू झालं तो मुळात तेनार्दिएचा मुलगा, हे म्युझिकल सांगतच नाही!

तेनार्दिए तर सरळ फॅगिनच्याच वाटेने गेला. कादंबरीत तो शेवटी मारियूस या तरुण नायकाकडून पैसे उकळून अमेरिकेत गुलामांचा व्यापार करायला जातो. स्टेजवर त्याला खानावळीचं धमाल गाणं आहे, पब्लिक टाळ्यांनी ठेका धरतं. तीन तासांच्या रडारडीत कुणीतरी हसवायला हवंच ना. नंतर तो गटारात प्रेतांचे खिसे चाचपतो तेव्हा मघाशी आपण याच्यासाठीच टाळ्या वाजवत होतो हे आठवून कसंतरी होतं, आणि ते मला आवडतं.

खरा कायापालट एपोनीनचा. ह्युगोची एपोनीन घोगऱ्या आवाजाची, दात पडलेली, मारियूसवर एकतर्फी जीव टाकणारी, आणि मुख्य म्हणजे त्याच्या प्रेयसीचं, कोझेतचं, त्याला आलेलं पत्र दाबून ठेवणारी, तो आपल्यासोबतच मरावा म्हणून त्याला बंडखोरांनी रस्त्यात उभारलेल्या बॅरिकेडकडे पाठवणारी. मरताना पत्र देते खरी, पण तोवर उशीर झालेला. म्युझिकलमध्ये ती मारियूसचंच पत्र इमानदारीत पोचवते, आणि तिचं ते प्रसिद्ध एकटेपणाचं गाणं, त्याची चाल १९८० च्या फ्रेंच आवृत्तीत फांतीनची, म्हणजे कोझेतच्या आईची, होती बरं का! लंडनला ती एपोनीनला दिली आणि पारडंच फिरलं, कोझेत नायिका असून बाजूला पडली. संगीत नाटकवाल्यांना हे काही नवीन नाही, चांगलं पद ज्याच्या वाट्याला त्याचा भाव वधारणारच.

कायद्याचा कट्टर पोलीस इन्स्पेक्टर जाव्हेर, त्याचं मात्र नुकसान झालं असं माझं मत. स्टेजवर तो ताऱ्यांकडे बघून त्यांचीच शपथ घेतो, भारीच गाणं आहे. पण कादंबरीतला जाव्हेर सेन नदीत उडी घ्यायच्या आधी पोलीस चौकीत बसून कारभार सुधारण्यासाठी दहा कलमांचं टिपण लिहितो, झडतीच्या वेळी कैद्यांना थंड फरशीवर अनवाणी उभं करतात, मग ते खोकत परत जातात वगैरे. हा माणूस जास्त भयंकर आहे आणि जास्त केविलवाणाही, पण त्या टिपणाला चाल कोण लावणार?