टोरॉन्टो २८ लाखांचं की ६२ लाखांचं? ऑन्टारिओच्या नगरपालिका आणि जनगणनेचे विभाग

कॅनडाच्या २०२१च्या जनगणनेत टोरॉन्टोची लोकसंख्या २७,९४,३५६ भरली. त्याच जनगणनेत टोरॉन्टोची लोकसंख्या ६२,०२,२२५ सुद्धा भरली. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही स्टॅटिस्टिक्स कॅनडा या केंद्रीय सांख्यिकी खात्याने छापलेले आणि दोन्ही बरोबर. पहिला आकडा टोरॉन्टो महापालिकेच्या हद्दीचा आहे, दुसरा जनगणना खात्याने आखलेल्या टोरॉन्टो महानगर क्षेत्राचा. टोरॉन्टोशेजारच्या ब्रॅम्प्टनला राहणारा भाचा फोनवर 'मी टोरॉन्टोत असतो' म्हणतो तेव्हा दुसऱ्या हिशेबाने तो खरं बोलतोय. पहिल्या हिशेबाने मात्र त्याचा महापौर वेगळा, अग्निशमन दल वेगळं आणि घरपट्टीचं बिलही वेगळं.

एकाच भूभागावर अशा दोन चौकटी का, याचं उत्तर १८६७च्या राज्यघटनेत सापडतं. त्या घटनेने स्थानिक स्वराज्य संस्था प्रांतांच्या ताब्यात दिल्या आणि जनगणना केंद्राकडे ठेवली. म्हणजे नगरपालिका जन्माला घालायची, दोन एकत्र करायच्या किंवा मोडायच्या हे टोरॉन्टो ज्यात आहे त्या ऑन्टारिओ प्रांताच्या हातात, आणि माणसं कुठल्या चौकटीत मोजायची हे ओटावातल्या केंद्रीय खात्याच्या हातात. आपल्याकडेही हीच विभागणी आहे: जनगणना केंद्र सूचीत, स्थानिक शासन राज्य सूचीत. म्हणूनच २०११ मध्ये बृहन्मुंबई महापालिकेची लोकसंख्या १.२४ कोटी होती आणि मुंबई नागरी समूहाची १.८४ कोटी. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली हे सगळे दुसऱ्या आकड्यात आहेत, पहिल्यात नाहीत.

आधी नगरपालिका. कायद्याच्या नजरेत ती एक संस्था असते. तिला निवडून आलेली परिषद असते, ती कर लावते, पोटकायदे करते, तिच्यावर खटला भरता येतो. ऑन्टारिओत अशा ४४४ नगरपालिका आहेत आणि त्या तीन प्रकारच्या. ३० वरच्या स्तरावरच्या, म्हणजे रीजन किंवा काउंटी. त्यांच्या पोटात २४१ खालच्या स्तरावरच्या. आणि १७३ एकस्तरीय, ज्यांच्या वर फक्त प्रांत. टोरॉन्टोशेजारच्या मिसिसॉगाचं उदाहरण घ्या. बस, वाचनालय, बागा, अग्निशमन हे मिसिसॉगा शहराचं काम. पाणी, पोलीस, रुग्णवाहिका हे पील रीजनचं. घरपट्टीचं बिल एकच येतं, शहराकडून, पण त्यात शहराचा, रीजनचा आणि शिक्षणाचा असे तीन वाटे असतात. टोरॉन्टोत रीजन नाही. सगळं एकाच महापालिकेकडे.

या संस्था कितीही मोठ्या असल्या तरी शेवटी प्रांताच्या मर्जीवर असतात, आणि प्रांत ही मर्जी वापरायला लाजत नाही. १९९८च्या १ जानेवारीला जुनं टोरॉन्टो, एटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क या सहांची मिळून एक महापालिका केली गेली. त्याआधी १९९७ मध्ये तिथल्या लोकांचं मत घेतलं होतं. मत देणाऱ्यांतल्या चारपैकी तिघांनी नको म्हटलं. विलीनीकरण झालंच. १९९६ मध्ये प्रांतात ८१५ नगरपालिका होत्या, २००१ पर्यंत त्या ४४७ वर आल्या. अगदी अलीकडे, जून २०२३ मध्ये, पील रीजन बरखास्त करण्याचा कायदा झाला, त्यासाठी १ जानेवारी २०२५ ही तारीखही ठरली, आणि २०२३च्याच डिसेंबरात प्रांताने माघार घेतली.

जनगणनेच्या चौकटीला परिषद नसते, महापौर नसतो, करही नसतो. तिचं काम एकच: देशाच्या नकाशावर एकही ठिपका मोकळा न सोडता आणि एकही माणूस दोनदा न मोजता सगळी जमीन वाटून घेणं. त्यासाठी प्रांताचे मोठे तुकडे पाडतात, ते सेन्सस डिव्हिजन. ऑन्टारिओत असे ४९ आहेत. त्यांचे लहान तुकडे म्हणजे सेन्सस सबडिव्हिजन. २०२१ मध्ये ते ५७७ होते. जिथे नगरपालिका आहे तिथे जनगणना खातं तिचीच हद्द उसनी घेतं, आणि गोंधळाचं मूळ या उसनवारीतच आहे. ब्रॅम्प्टन शहर आणि ब्रॅम्प्टन नावाची सेन्सस सबडिव्हिजन यांची रेषा एकच. त्यामुळे दोन्ही एकच वस्तू आहेत असं वाटू लागतं.

पण बेरीज करून बघा. ४४४ मधून वरच्या स्तरावरच्या ३० वजा करायच्या, कारण त्या सबडिव्हिजन नसतात, डिव्हिजन असतात. उरल्या ४१४. मग ५७७ पैकी बाकीचे दीडशेहून अधिक तुकडे कोणाचे? बहुतेक मूलनिवासी समाजांच्या राखीव जमिनी आणि ज्यांना कारभारच नाही असे असंघटित प्रदेश.

राखीव जमिनी प्रांताच्या नगरपालिका कायद्यात येत नाहीत. त्यांचं नातं थेट केंद्राशी आणि त्यांच्या स्वतःच्या बँड कौन्सिलशी, म्हणजे त्या समाजाच्या परिषदेशी. जनगणनेच्या नकाशावर मात्र त्यांना शेजारच्या गावासारखाच एक तुकडा मिळतो. काही समाज ही मोजणी मान्यच करत नाहीत, काही ठिकाणी ती अर्धवट राहते. २०२१ मध्ये देशभरात अशा ६३ राखीव जमिनींची गणना अपुरी राहिली. तक्त्यात तिथे आकडा नसतो, याचा अर्थ तिथे माणसं नाहीत असा नव्हे.

असंघटित प्रदेश हा तर आपल्या कल्पनेपलीकडचा प्रकार. ऑन्टारिओच्या वायव्येला 'केनोरा, असंघटित' नावाची एक सबडिव्हिजन आहे. क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे अख्खा महाराष्ट्र तिच्यात मावून वर बरीच जागा उरेल. माणसं काही हजार. नगरपालिका नाही, महापौर नाही. लोकांनी हवं तर स्थानिक सेवा मंडळ किंवा रस्ता मंडळ स्थापन करायचं. जमिनीचा कर प्रांताकडे भरायचा. जनगणनेच्या तक्त्यात मात्र या प्रचंड जंगलाला एकच ओळ, आणि टोरॉन्टो शहरालाही एकच ओळ. सबडिव्हिजनची सरासरी काढून निष्कर्ष काढणाऱ्यांनी या दोन ओळी एकदा डोळ्यांसमोर आणाव्यात.

डिव्हिजनचा हिशेब मला जास्त गमतीचा वाटतो, कारण तिथे इतिहास दडून बसलाय. ४९ पैकी ३० म्हणजे त्याच रीजन आणि काउंट्या. १० उत्तरेकडचे डिस्ट्रिक्ट, ज्यांना स्वतःचं सरकार नाही: केनोरा, थंडर बे, अल्गोमा, कॉक्रेन वगैरे. उरलेले ९ एकस्तरीय नगरपालिकांवर बेतलेले. त्यात टोरॉन्टो, ओटावा, हॅमिल्टन ही शहरं एकाच वेळी डिव्हिजनही आहेत आणि सबडिव्हिजनही. याच नवांत हॉल्डिमंड-नॉरफोक आहे. या नावाचं रीजन २००१ मध्ये मोडलं आणि तिथे हॉल्डिमंड आणि नॉरफोक अशा दोन स्वतंत्र एकस्तरीय नगरपालिका झाल्या. त्यांची नावं आजही 'काउंटी' म्हणूनच चालतात, पण वरच्या स्तराची काउंटी आणि त्यांचा काही संबंध नाही. जनगणनेने मात्र जुनी डिव्हिजन तशीच ठेवली. जिचं कार्यालय उठलं, परिषद उठली, त्या संस्थेची लोकसंख्या आजही दर पाच वर्षांनी प्रसिद्ध होते.

उलट बाजूने हीच गोष्ट लंडनमध्ये दिसते. (ऑन्टारिओतलं लंडन. थेम्स नदी तिथेही आहे.) लंडन शहर मिडलसेक्स काउंटीच्या मधोमध बसलंय, पण कायद्याने ते काउंटीपासून वेगळं आहे, काउंटीच्या परिषदेत लंडनचा प्रतिनिधी नसतो, लंडनकर काउंटीला कर भरत नाहीत. जनगणनेला याच्याशी देणंघेणं नाही. तिच्या मिडलसेक्स डिव्हिजनमध्ये लंडन आहेच. २०२१ मध्ये डिव्हिजनची लोकसंख्या ५,००,५६३, त्यातले ४,२२,३२४ एकट्या लंडनचे. 'मिडलसेक्समध्ये पाच लाख लोक राहतात' हे वाक्य वाचून कोणी काउंटीचा दरडोई खर्च काढायला बसला, तर उत्तर सहापटींहून जास्त चुकेल. लंडन वजा केलं तरी उरलेली माणसं सगळी काउंटीची नाहीत, कारण त्यात राखीव जमिनींवरचे लोकही मोजलेले आहेत. ग्वेल्फ आणि वेलिंग्टन, किंग्स्टन आणि फ्रॉन्टेनॅक, विंडसर आणि एसेक्स या जोड्यांचंही असंच.

आता तिसरी चौकट, जिच्यामुळे टोरॉन्टो ६२ लाखांचं होतं: महानगर क्षेत्र, म्हणजे सेन्सस मेट्रोपॉलिटन एरिया (सीएमए). एकूण लोकसंख्या किमान एक लाख आणि मधल्या गाभ्यात किमान पन्नास हजार लोक असले की हा दर्जा मिळतो. एकदा मिळाला की पुढे लोकसंख्या घटली तरी जात नाही. शेजारचं कुठलं गाव आत घ्यायचं हे मुख्यतः कामावर जाण्यायेण्यावरून ठरतं: गावातले निम्मे तरी नोकरदार गाभ्यात कामाला जात असतील, किंवा गावात काम करणाऱ्यांपैकी पाव हिस्सा तरी गाभ्यातून येत असेल, तर ते गाव आत. भारतात नागरी समूह ठरवताना वस्ती सलग पसरलेली आहे का, हे पाहतात. त्यामुळे २०११ मध्ये वसई-विरार मुंबई नागरी समूहाबाहेर राहिलं. कॅनडाचा नियम लावला असता तर सकाळची विरार लोकल कुठे जाते, हा प्रश्न निदान विचारला तरी गेला असता.

हे क्षेत्र सबडिव्हिजनांच्या विटांनी बांधतात, आणि ते रीजनची भिंत ओलांडून खुशाल पलीकडे जातं. हॅल्टन रीजनमधली ओकव्हिल, मिल्टन आणि हॅल्टन हिल्स टोरॉन्टोच्या महानगर क्षेत्रात आहेत, पण त्याच रीजनमधलं बर्लिंग्टन हॅमिल्टनच्या. हॅमिल्टन दुसऱ्या बाजूने नायगरा रीजनमधल्या ग्रिम्सबीलाही आत घेतं. डरहॅम रीजनमधली पिकरिंग आणि एजॅक्स टोरॉन्टोकडे, तर व्हिटबी आणि क्लॅरिंग्टन ओशावाकडे. लंडनचं महानगर क्षेत्र दक्षिणेला एल्गिन काउंटीच्या बाजूला उतरून सेंट थॉमसपर्यंत जातं आणि ५,४३,५५१ वर पोचतं, म्हणजे ज्या डिव्हिजनमध्ये लंडन बसलंय तिच्याहूनही मोठं. वर 'ग्रेटर टोरॉन्टो एरिया' नावाचा एक चौथा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत फिरत असतो. तो टोरॉन्टो आणि भोवतालची चार रीजन मिळून होतो. त्यात बर्लिंग्टन आणि ओशावा येतात, ऑरेंजव्हिल येत नाही. महानगर क्षेत्रात नेमकं उलट.

जुने आकडे शेजारी ठेवून वाढ काढायची हौस असेल तर आणखी एक खड्डा आहे. १९९६च्या जनगणनेत टोरॉन्टो शहर साडेसहा लाखांच्या आसपास होतं, २००१ मध्ये २४.८ लाख. पाच वर्षांत जवळपास चौपट? शहरात कोणी लोंढ्याने आलं नव्हतं. मध्ये १९९८चं विलीनीकरण झालं होतं. प्रत्येक जनगणना त्या वर्षीच्या १ जानेवारीला असलेल्या हद्दी धरते, म्हणून हद्द हलली की शहर एका रात्रीत 'वाढतं'. नव्या हद्दीवर बसवलेला मागचा आकडा तक्त्यात वेगळा दिलेला असतो, तुलना त्याच्याशीच करावी.

कुठला आकडा कशासाठी, हे कामावर ठरतं. बातम्यांत येणारा टोरॉन्टोचा मासिक बेरोजगारी दर हा महानगर क्षेत्राचा असतो. ब्रॅम्प्टनच्या गोदामातली नोकरकपात त्यात धरलेली असते. नोकरी शोधणाऱ्याला तोच उपयोगाचा, कारण तो शहराची वेस बघून अर्ज करत नाही. घर घेणाऱ्याला मात्र त्या दराचा फारसा उपयोग नाही. त्याला घरपट्टीचा दर हवा, आणि तो नगरपालिकेगणिक बदलतो. बर्फ कोण उचलणार, तळघरात भाडेकरू ठेवायला परवानगी लागते का, हेही नगरपालिकाच सांगणार.

स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या तक्त्यात ही ओळख नावापुढच्या कंसात किंवा शेजारच्या रकान्यात दिलेली असते. सीवाय म्हणजे सिटी, टी म्हणजे टाउन, टीपी म्हणजे टाउनशिप: या नगरपालिका. आयआरआय म्हणजे राखीव जमीन, एनओ म्हणजे असंघटित प्रदेश: या फक्त सबडिव्हिजन. सीडी दिसलं तर डिव्हिजन, तिच्यामागे रीजन किंवा काउंटी असेलच असं नाही. आणि सीएमए दिसलं तर तिथे कोणी महापौर नाही.