माथाडी कामगार आणि माथाडी मंडळे (नवी मुंबई व ठाणे परिसर)

घाऊक बाजारपेठा, गोदामे, वखारी, रेल्वेचे मालधक्के आणि कारखाने यांमध्ये डोक्यावर किंवा पाठीवर माल वाहून नेणारे, गाड्या भरणारे व उतरवणारे, थप्पी लावणारे आणि मालाचे वजन-माप करणारे अंगमेहनती कामगार म्हणजे माथाडी कामगार. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ हा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली स्थापन झालेली मंडळे त्यांच्या कामाची, मजुरीची व निवृत्तीनंतरच्या देण्यांची व्यवस्था पाहतात. कायमचा मालक नसलेल्या कामगारालाही भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस आणि पगारी रजा मिळू शकते, हे या कायद्याने प्रत्यक्षात आणले. भारतातील असंघटित कामगारांच्या इतिहासात या व्यवस्थेचे स्थान त्यामुळे फार वरचे आहे. तुर्भे-वाशीची बाजारपेठ आणि तिच्या आसपासच्या वसाहती यांमुळे आज ती सर्वांत ठळकपणे नवी मुंबईत दिसते.

कायद्यापूर्वी हे काम मुख्यतः मुंबईच्या मशीद बंदर, दाणाबंदर, चिंचबंदर या भागांतील व्यापारी पेढ्यांवर चाले. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगावकडील डोंगराळ पट्ट्यातून आणि अहमदनगर जिल्ह्यातून आलेले तरुण गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत आणि मुकादमाने बोलावले की कामावर जात. मजुरी गोणीमागे ठरे. काम नसेल त्या दिवशी पैसा नसे, आणि पाठ निकामी झाली की गावाकडे परतण्यावाचून मार्ग नसे. एकच हमाल सकाळी एका पेढीचा ट्रक रिकामा करी आणि दुपारी दुसऱ्या पेढीचा माल भरी, त्यामुळे ‘हा आमचा नोकर नाही’ असे प्रत्येक व्यापारी म्हणू शके. प्रचलित कामगार कायदे मालक आणि नोकर अशी निश्चित जोडी गृहीत धरून रचलेले होते. ती जोडीच नसल्यामुळे हजारो माणसे त्या कायद्यांच्या बाहेर राहिली. पोटाला पुरेल एवढी मजुरी ज्यांना मिळे, त्यांनाही म्हातारपणासाठी काही शिल्लक टाकण्याची सोय नव्हती.

या अडचणीवरचा तोडगा गोदीत आधीच सापडला होता. गोदी कामगारांसाठी केंद्राने १९४८ मध्ये रोजगार नियमनाचा कायदा केला आणि १९५१ मध्ये मुंबई गोदी कामगार मंडळ अस्तित्वात आले. जहाज येईल तेव्हाच काम असणाऱ्या कामगाराची नोंद मंडळाने ठेवायची, कामाचे वाटप मंडळाने करायचे आणि मालकांनी पैसे मंडळाकडे भरायचे, अशी ती रचना होती. मुंबईच्या गोदीत पी. डिमेलो आणि त्यांच्यानंतर जॉर्ज फर्नांडिस या समाजवादी नेत्यांनी संघटना बांधली होती. बंदरातील हंगामी मजूरही संघटित होऊ शकतो, हे बाजारातल्या हमालाला त्यांच्या लढ्यांनी दिसले. पुण्यात समाजवादी कार्यकर्ते व लेखक डॉ. बाबा आढाव यांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीमुळे आढाव महाराष्ट्रभर ओळखले गेले, तरी हमालाच्या प्रश्नावर त्यांनी दीर्घकाळ केलेले संघटन आणि लेखन या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. हमालीकडे दयेचा विषय म्हणून न पाहता हक्काचा विषय म्हणून पाहण्याची भाषा त्यातून रुजली.

मुंबईच्या बाजारांत ही चळवळ उभारली ती अण्णासाहेब पाटील यांनी. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या आणि स्वतः हमाली केलेल्या पाटील यांनी १९६०च्या दशकात माथाडींची संघटना बांधली. त्यांची संघटना काँग्रेसच्या जवळची होती, समाजवादी नव्हती. ही गोष्ट अनेकदा वादाच्या सुरात सांगितली जाते. प्रत्यक्षात दोन भिन्न राजकीय घरांतील माणसांनी एकाच मागणीसाठी जोर लावला म्हणूनच कायदा झाला, असे मानणे अधिक योग्य ठरेल. राज्य सरकारने १९६५ मध्ये या कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९६९ चा अधिनियम संमत झाला.

अधिनियमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या व्यवसायासाठी व भागासाठी शासन योजना तयार करते आणि मंडळ नेमते. मंडळात मालक व कामगार यांचे सारख्या संख्येने प्रतिनिधी असतात आणि शासनाचेही प्रतिनिधी असतात. व्यापाऱ्याला मालक म्हणून आणि हमालाला कामगार म्हणून मंडळाकडे नोंद करावी लागते. काम टोळीने होते. टोळीने किती गोण्या हाताळल्या याचा हिशेब मुकादम ठेवतो, ठरलेल्या दराने मजुरी काढली जाते आणि व्यापारी ती थेट कामगाराच्या हातात न देता मंडळाकडे भरतो. मजुरीसोबत त्याला ‘लेव्ही’ही भरावी लागते. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो, तरी तो सर्वसाधारणपणे मजुरीच्या ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. समजा एका टोळीची मजुरी १०,००० रुपये झाली आणि लेव्ही ४० टक्के असली, तर व्यापारी मंडळाकडे १४,००० रुपये जमा करतो. त्यातले १०,००० टोळीतील कामगारांत वाटले जातात आणि उरलेल्या ४,००० रुपयांतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार आणि मंडळाचा प्रशासकीय खर्च भागवला जातो. कामगार महिनाभरात दहा गाळ्यांवर राबला तरी त्याचे खाते एकच राहते. दरवाढीचा करार मजुरीपुरता असला तरी लेव्ही मजुरीच्या टक्केवारीत असल्याने म्हातारपणाची शिल्लकही त्याबरोबर वाढते. या कायद्याचे खरे सामर्थ्य या साध्या जोडणीत आहे. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड बाजार, भाजीपाला बाजार, रेल्वे मालधक्के अशा व्यवसायांसाठी वेगवेगळी मंडळे झाली. पुढे खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ मध्ये केलेला राज्याचा कायदाही याच नमुन्यावर बेतला गेला.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली आणि दाटलेल्या शहरातील घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवण्याचे ठरले. सिडकोने वसवलेल्या नव्या शहरात तुर्भे येथे, रूढ बोलण्यात वाशीला, १९८०च्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाटा बाजार आला, १९९१ च्या सुमारास मसाला बाजार व दाणा बाजार आले आणि १९९६ मध्ये फळ व भाजीपाला बाजार आले. लोखंड बाजारासाठी कळंबोलीची जागा ठरली. या स्थलांतराला व्यापाऱ्यांचा बराच विरोध होता. कामगारांपुढचा प्रश्न वेगळा होता, कारण मशीद बंदरातील खोली आणि तुर्भ्यातील गाळा यांत रोजचा प्रवास पडणार होता. बाजार जिथे जाईल तिथे नोंदीत टोळ्यांचा हक्क सोबत जाईल, हे संघटनेने टिकवून धरले. एरवी नवा बाजार म्हणजे नवे मजूर हे सहज घडले असते.

या बाजारांचा दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. नाशिक-पुण्याकडून कांद्याच्या आणि उत्तरेतून बटाट्याच्या गाड्या येऊन लागलेल्या असतात. ट्रकवर उभे असलेले दोघे गोणीची टोके धरून ती एका झोक्यात वाहणाऱ्याच्या पाठीवर देतात. तो किंचित वाकून, मानेवरच्या जाड फडक्यावर भार तोलून, पळत नाही आणि थांबतही नाही अशा ठरावीक चालीने गाळ्यात जातो. आत थप्पी लावणारा जाणता असावा लागतो, कारण खालच्या थरात दोन गोण्यांचा सांधा पडतो तिथे वरची गोणी आडवी बसवली नाही, तर माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेली थप्पी कोसळते. मोसमात फळबाजारात हापूसच्या पेट्या उतरतात तेव्हा वजन कमी असते, पण माल नाजूक असल्याने हात अधिक जपून चालवावा लागतो. या टोळ्यांच्या जोडीला तोलणार, वारणार, मापाडी, हिशेब लिहिणारे मेहता आणि दाणा बाजारात सांडलेले धान्य झाडून-निवडून गोळा करणाऱ्या पालावाला महिला असतात. शेवटच्या गटाचे काम बाजारासाठी तितकेच गरजेचे असूनही चळवळीच्या लेखनात त्यांना मिळालेली जागा फारच थोडी आहे.

वजनाचा प्रश्न या कामाच्या केंद्रस्थानी राहिला आहे. पूर्वी १०० किलोची गोणी उचलणे ही नित्याची गोष्ट होती आणि त्याची किंमत मणके व गुडघे यांनी चुकवली जाई. ५० किलोची मर्यादा हे संघटनेने मिळवलेले मोठे यश आहे. तरीही जास्त भरलेल्या कांदा-बटाट्याच्या गोण्या येत राहतात आणि त्या उतरवण्यास टोळ्यांनी नकार दिल्यामुळे तुर्भ्याच्या बाजारात वेळोवेळी तंटे झाले आहेत.

बाजाराच्या मागोमाग माथाडींची घरे आली. कोपरखैरणे आणि घणसोली येथे मोठ्या माथाडी वसाहती उभ्या राहिल्या. घणसोलीची वसाहत ‘सिम्प्लेक्स’ या नावानेच ओळखली जाते. गावकीच्या खोलीत एकटा राहणारा हमाल इथे बायकामुलांना घेऊन आला. पाटण, जावळी, वाई, शिराळा या तालुक्यांतील गावांची मंडळे, त्यांचे सप्ताह आणि यात्रेसाठी सुटणाऱ्या गाड्या हा या उपनगरांच्या जीवनाचा भाग झाला. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे शहर वसले, त्यांचा भूसंपादनाविरुद्धचा लढा याच काळात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालू होता. एकाच नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरात, जमीन गमावलेला भूमिपुत्र आणि जमिनीवर पोट न भरल्याने घाट उतरून आलेला कामगार शेजारी झाले. नवी मुंबईच्या सामाजिक इतिहासात या शेजाराचा अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही.

अण्णासाहेब पाटील यांनी मराठा समाजाच्या आरक्षणाचा प्रश्नही हाती घेतला. मार्च १९८२ मध्ये त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि मागणी मान्य न झाल्याने २३ मार्च १९८२ रोजी स्वतःचे जीवन संपवले. २५ सप्टेंबर या त्यांच्या जयंतीला नवी मुंबईत माथाडींचा मेळावा भरतो आणि सर्व पक्षांचे नेते त्याला हजेरी लावतात. त्यांच्या मृत्यूनंतर चळवळीची ओळख आरक्षणाच्या प्रश्नाशी अधिक जोडली गेली आणि कामगार म्हणून तिने घडवलेली व्यवस्था लोकांच्या बोलण्यात मागे पडली. ही हानी दुर्लक्षण्याजोगी नाही.

या व्यवस्थेपुढील आजच्या अडचणी अनेक बाजूंच्या आहेत. फळे व भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्यावर काही माल तुर्भ्याला न येता परस्पर जाऊ लागला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामुळे कंटेनरची वाहतूक वाढली आणि मालाची हाताळणी यंत्रांकडे सरकली. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या परिसरात गोदामांचा अवाढव्य पट्टा उभा राहिला असून, तिथे भराई-उतराई करणारे असंख्य मजूर कंत्राटदारांमार्फत येतात व मंडळाच्या नोंदीबाहेर राहतात. बाजारातल्या हमालाची १९६९ पूर्वीची स्थिती पाहायची असेल तर ती या गोदामांच्या फाटकांवर दिसते. दुसरीकडे, माथाडीचे नाव पुढे करून औद्योगिक पट्ट्यांत खंडणी मागणाऱ्या टोळ्यांमुळे कायद्याची बदनामी झाली. ही तक्रार खरी आहे आणि तिचा सर्वाधिक फटका नोंदीत, कष्टाळू कामगारालाच बसतो.

या बदनामीचा आधार घेत कायदाच पातळ करण्याचा प्रयत्न होत असल्याचा आरोप कामगार संघटना करतात. २०२३ मध्ये राज्य विधिमंडळात आलेल्या दुरुस्ती विधेयकाला, क्रमांक ३४ ला, त्यांनी याच कारणासाठी विरोध केला. कायद्याच्या कक्षेत कोण येतो हे ठरवणाऱ्या ‘असंरक्षित कामगार’ या संज्ञेची व्याख्या बदलली, तर यंत्राच्या जोडीने काम करणारे अनेक जण मंडळांच्या कक्षेबाहेर ढकलले जातील, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. वयोवृद्ध बाबा आढाव यांनीही या विरोधात संघटनांना साथ दिली.