खेळातील मेंदूचा हादरा आणि खानदेशातील मैदाने

डोक्याला, चेहऱ्याला किंवा मानेला बसलेल्या दणक्याने कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. या दुखापतीला मेंदूचा हादरा किंवा कन्कशन म्हणतात. बिघाड पेशींच्या कामकाजात असल्याने सीटी स्कॅन बहुतेक वेळा साफ येतो. स्कॅनमधून रक्तस्राव किंवा हाड मोडल्याचे कळते, हादरा कळत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून त्याच आठवड्यात पोराला खेळायला सोडणे धोक्याचे आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत हादऱ्याची ठिकाणे ओळखीची आहेत: कबड्डीतली घोट्याची पकड, यात्रेतल्या कुस्त्यांचा आखाडा, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली घोडदौड. चढाईपटू पकडीतून निसटताना खाली झुकतो आणि बचाव करणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसतो. तो लगेच उठतो, माती झटकतो आणि भलत्याच बाजूला जाऊन उभा राहतो. मग पुन्हा पुन्हा विचारतो, “किती गुण झाले?” हेच हादऱ्याचे लक्षण. बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेडाचा त्रास, संथ उत्तरे यांवरूनच हादरा ओळखावा लागतो. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर असतो, तेव्हा अशा चकरेला ‘ऊन लागलं’ म्हणून कांदा हुंगवतात, तोंडावर पाणी मारतात आणि खेळ पुढे चालू होतो. दणका बसलेला पाहिला असेल, तर उन्हाचे कारण मानू नये.

मैदानावर पाच प्रश्न विचारावेत: हे मैदान कोणते, कितवा डाव चालू आहे, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो का. एक उत्तर चुकले तरी खेळाडू बाहेर. सगळी बरोबर आली तरी शंका असल्यास बाहेरच. हा निर्णय खेळाडूवर सोडू नये, कारण गावासमोर माघार घ्यायला कोणताच पहिलवान तयार होत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून हादरा बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. गावच्या स्पर्धांतही हा नियम करायला हरकत नाही.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, जागे करूनही न उठणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ला फोन करावा. मान दुखत असेल तर खेळाडूला उचलून बाजेवर टाकू नये.

बाकी उपचार साधे आहेत. पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल कमी, दारू आणि मोटारसायकल बंद, सोबतीला घरचे माणूस. धोक्याची लक्षणे नसतील तर झोपू द्यावे. रात्रभर जागे ठेवण्याची गरज नाही. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नये. नंतर हळूहळू चालणे, मग हलका व्यायाम, एकट्याचा सराव, अंगाला अंग न लावता सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. त्रास वाढला तर एक टप्पा मागे. मोठी माणसे बहुधा दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना चार आठवडेही लागतात, आणि मुलाने आधी शाळेत रुळावे, मग मैदानात. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित घडते, पण प्रामुख्याने कोवळ्या वयात.

हेल्मेट कवटी वाचवते, हादरा पूर्ण थांबवत नाही. कुस्तीतले कानांचे कवच तर कानांसाठीच असते. खरा उपयोग होतो तो पडण्याच्या जागेचा. उन्हाने काळी जमीन दगडासारखी होते, म्हणून सामन्याआधी आखाडा खोलवर उकरून भुसभुशीत करावा, खडे वेचावेत, आणि कबड्डीच्या आखणीलगत खुर्च्या, खांब, ट्रॅक्टर ठेवू नयेत.