इंटरनॅशनल शाळा बघायला निघालाय? जायच्या आधी एवढं वाचून जा

आम्ही कोल्हापुरात पालकांना शाळा निवडायला मदत करतो, डिसेंबर उजाडला की आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात त्यांची ये-जा सुरू होते, हातात चकचकीत ब्रोशर असतं आणि बसायच्या आधीच प्रश्न येतो, ताई ही शाळा खरंच इंटरनॅशनल आहे का हो? प्रत्येकाला तेच तेच सांगता सांगता आमच्या लक्षात आलं की हे एकदा नीट लिहूनच द्यावं, म्हणून हे पत्रक. आणि एक आधीच सांगते, आम्ही कुठल्याही शाळेकडून एक रुपया घेत नाही, आमची फी फक्त तुमच्याकडून, त्यामुळे इथं जे लिहिलंय ते तुमच्या बाजूनं लिहिलंय.

पहिली गोष्ट, पाटीवर इंटरनॅशनल लिहिलं म्हणून आत काय शिकवतात ते कळत नाही. त्याच नावाखाली सीबीएसई असू शकतं, स्टेट बोर्डसुद्धा असू शकतं, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ते तुम्हाला माहीत पाहिजे. परदेशी अभ्यासक्रम म्हणजे आपल्याकडं मुख्यतः दोन, इंग्लंडचं केंब्रिज आणि आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. दोघांच्याही वेबसाइटवर शाळांची यादी असते, शाळेचं नाव टाकून घरी बसून बघता येतं. आयबीच्या बाबतीत एक शब्द नीट ऐका, 'कॅन्डिडेट स्कूल'. म्हणजे शाळेनं अर्ज केलाय, प्रोसेस चालू आहे, मान्यता अजून मिळालेली नाही. अ‍ॅडमिशनच्या गडबडीत हा शब्द पटकन कानाआड जातो बघा.

आता हे प्रकरण आलं कुठून ते थोडक्यात. १९२४ साली जिनिव्हामध्ये राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली, देशोदेशीची पोरं एकत्र शिकणार होती, आणि सुरुवातीला पोरं किती तर बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे जिला आज जगातली सगळ्यात जुन्यांपैकी एक इंटरनॅशनल शाळा म्हणतात ती छोटीच होती, कुठल्या साखळीतली नव्हती. पुढं अडचण अशी आली की अशा शाळांतली पोरं कॉलेजला आपापल्या देशात जाणार, मग सगळीकडं चालेल अशी एक परीक्षा पाहिजे, त्यातून १९६८ मध्ये आयबी उभं राहिलं, तेही जिनिव्हातच. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या पातळीची परीक्षा, त्यामानानं नवी, पहिली परीक्षा १९८८ ची. भारतात आयबी पहिल्यांदा आलं कोडाईकॅनॉलला, १९७६ मध्ये, ती शाळा मात्र १९०१ पासूनची. आपल्या जवळ बघायचं तर पाचगणीला १९४५ पासून बहाई धर्माच्या लोकांची शाळा आहे, आणि पुण्याजवळ मुळशीकडं १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथं फक्त शेवटची २ वर्षं, म्हणजे अकरावी-बारावी, शिकवतात.

आणि आपण कोल्हापूरकरांनी हे सगळं परक्याचं म्हणून लांबून बघायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड लावला, आणि त्याच्याही आधी, १९०१ पासून, वेगवेगळ्या समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली. खेड्यातल्या पोराची शहरात राहायची सोय नसेल तर तो शिकणार कसा, हे त्यांनी आधी बघितलं. शाळा बघताना मी हाच प्रश्न डोक्यात ठेवते, ही सोय कुणासाठी केलीय, पोरासाठी का फोटोसाठी.

हे मी अनुभवानं बोलते. माझ्या मुलाच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी आम्ही एका शाळेचा स्विमिंग पूल बघून भाळलो, ब्रोशरमध्ये निळंशार पाणी, आमच्या ह्यांना तर पोहायचं वेड, फी भरून मोकळे झालो. जूनमध्ये बघतो तर पुलावर ताडपत्री, खाली शेवाळ, आणि ३ वर्षांत ती ताडपत्री काही निघाली नाही. पुलाची फी मात्र दरवर्षी पावतीवर वेगळी लिहून यायची. तेव्हापासून मी सोय आहे का असं विचारतच नाही, ह्या आठवड्यात कुठल्या वर्गानं कुठल्या दिवशी वापरली ते विचारते.

लायब्ररीत गेलात की पोरांच्या उंचीच्या कप्प्यातलं एक पुस्तक काढा आणि शेवटचं पान उघडा. मागं एका छोट्या स्वतंत्र शाळेत गेले होते, ५-६ खोल्या आणि वर पत्रा, पण तिथल्या पुस्तकाच्या मागच्या कागदावर तारखांचे शिक्के इतके की जुन्यावर नवीन कागद चिकटवलेला, आणि एका पानाला चिवड्याचा तेलकट डाग. मला त्या डागावरूनच कळलं की इथं पोरं पुस्तकं घरी नेतात. लॅबचंही तसंच. तिथं मायक्रोस्कोप दोनच होते, पण कांद्याच्या पापुद्र्याच्या स्लाइड पोरांनी स्वतः केलेल्या, नावं पेनानं लिहिलेली, वेडीवाकडी. कुलूप लावलेल्या मोठ्या लॅबपेक्षा हे कधीही चांगलं असं माझं स्पष्ट मत आहे. टॉयलेटची कडी पहिलीतल्या पोराच्या हाताला पोचते का तेही बघा, आणि नळ सोडून बघा.

ग्राउंड हा आपल्या गावात नाजूक विषय, फुटबॉलशिवाय आपलं पोर राहणार नाही. छोट्या शाळेकडं स्वतःचं मोठं मैदान नसलं तरी चालतं, भाड्यानं घेतलेलं असलं तर करार दाखवा म्हणा आणि आठवड्याला किती तास ते टाइमटेबलवर दाखवा म्हणा. बसमध्ये लेडी अटेंडंट, वेग मर्यादेत ठेवणारा स्पीड गव्हर्नर, फर्स्ट एड बॉक्स हे नियमानं पाहिजेच. पण २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, तेव्हा पंचगंगेचं पाणी चढलं की बस कुठून येणार आणि पोरं शाळेत अडकली तर कोण थांबणार, हे आत्ताच विचारून घ्या, जुलैत नको.

छोटी शाळा घ्यावी का, हा प्रश्न सगळेच विचारतात. वर्गात १५ पोरं असली की तुमचं पोर गप्प बसलंय हे टीचरला दुसऱ्याच दिवशी कळतं, हा फायदा खूप मोठा आहे. पण एका विषयाला एकच टीचर असते, ती मध्येच सोडून गेली तर पंचाईत, म्हणून मागच्या २ वर्षांत किती टीचर बदलल्या हे विचाराच. विषयांची निवडही कमी मिळते. आयबी डिप्लोमाला, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीला, ६ विषय असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ७ आणि ४००० शब्दांपर्यंतच्या निबंधासारख्या जादा कामाचे वरचे ३ धरून एकूण ४५ पॉइंट. छोट्या शाळेला हवे ते सगळे विषय ठेवणं परवडत नाही, तुमच्या मुलीला बायोलॉजी पाहिजे आणि तिथं फक्त फिजिक्स-केमिस्ट्री असं होऊ शकतं. मेडिकलची नीट किंवा इंजिनिअरिंगची जेईई परीक्षा डोक्यात असेल तर त्याचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या अंगानं जातो, तो वेगळा करावा लागणार हे धरूनच चला.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्राचा फी नियमनाचा कायदा २०११ चा आहे, त्यात पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती लागते, आणि एकदा ठरलेली फी २ शैक्षणिक वर्षं तीच राहते. डोनेशन घेण्यावर १९८७ पासूनच बंदी आहे, कुणी मागितलं तर पावती मागा. मराठीचंही विचारतात बरेच जण, तर २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावंच लागतं, ते कोण शिकवतं आणि कसं ते वर्गात बसून बघा.

शाळा बघायला ओपन डेला जाऊ नका, साध्या मंगळवारी-बुधवारी मधल्या सुट्टीच्या आधी जा, पोराला बरोबर न्या. आमच्याकडं येताना ब्रोशर, फीचा कागद आणि पोराचा जन्मदाखला घेऊन या. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण धरतात, ते बसतं का नाही ते आपण आधी बघू, मग शाळेचं बोलू.