क्लोज चाचणी

सलग उताऱ्यातून ठरावीक अंतराने शब्द गाळून ते विद्यार्थ्याकडून भरून घेण्याची भाषाचाचणी. परभाषेचे एकंदर प्रभुत्व मोजण्यासाठी ती शाळांत वापरतात. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा परिचित प्रश्न मात्र वेगळा. तिथे नेमका कोणता शब्द गाळायचा हे शिक्षक ठरवतो, तर मूळ क्लोज पद्धतीत पहिले वाक्य अखंड ठेवून पुढचा दर पाचवा, सहावा किंवा सातवा शब्द, तो कोणताही असो, काढला जातो.

पद्धतीचे जनकत्व सामान्यतः अमेरिकेतील विल्सन टेलर यांना देतात (1953). अपुरी आकृती मन पूर्ण करून घेते, या समष्टिवादी (गेस्टाल्ट) मानसशास्त्रातील ‘क्लोजर’ म्हणजे पूर्तीच्या कल्पनेवरून त्यांनी हे नाव घडवले. त्यांचा हेतू परभाषेची परीक्षा हा नव्हता. मजकूर वाचायला किती सोपा, हे त्यांना मोजायचे होते. काही अभ्यासक उगम आणखी मागे, जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्यापर्यंत नेतात. शाळेच्या सलग तासांनी मुले किती थकतात हे तपासताना त्यांनी तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेसलाउ येथे शब्द व अक्षरे गाळलेले उतारे वापरले होते (1897). मात्र त्यांत समान अंतराचा नियम नव्हता. त्यामुळे एबिंगहाउस यांना पूर्वसूरी आणि टेलर यांना प्रवर्तक मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

परभाषेसाठी ही पद्धत 1950 च्या दशकाअखेर तपासली गेली; तिचा प्रसार मुख्यतः 1970 नंतर, अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन ऑलर यांच्या लेखनामुळे झाला. सर्व भाषिक कौशल्यांमागे एकच क्षमता असते, हे त्यांचे गृहीतक पुढे टिकले नाही. गाळण्याचे अंतर बदलले की चाचणी काय मोजते तेही बदलते, असे भाषाचाचण्यांचे अभ्यासक चार्ल्स ऑल्डरसन यांनी दाखवले (1979).

गुणदान हा वादाचा दुसरा मुद्दा. मूळचाच शब्द हवा, की अर्थाला जुळणारा कोणताही चालेल? मराठी शिकणाऱ्या अमराठी मुलापुढे ‘काकू अंगणात — घालत होत्या’ हे वाक्य आले, मूळ शब्द ‘सडा’ असला आणि त्याने ‘रांगोळी’ लिहिले, तर पहिल्या पद्धतीत शून्य मिळते. दोन्ही पद्धतींनी लावलेला विद्यार्थ्यांचा क्रम बहुधा जुळतो. तरीही वर्गातील मुलाला न्याय दुसरीच देते. चुकाही बोलक्या असतात. ‘ही इज अफ्रेड — डॉग्ज’ यात मराठी माध्यमाचे मूल ‘ऑफ’ऐवजी ‘टू’ लिहिते, तेव्हा ‘कुत्र्याला घाबरतो’मधला ‘ला’ तिथे उतरलेला असतो.

सी-चाचणी : राट्स आणि क्लाइन-ब्रेली यांनी 1980 च्या दशकारंभी जर्मनीत मांडलेला पर्याय. अनेक छोटे उतारे घेऊन, दुसऱ्या वाक्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळतात. मराठीत ती जशीच्या तशी आणणे अवघड आहे, कारण प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतो. ‘शाळे—’ पुढे ‘त’, ‘ला’, ‘तून’ यांपैकी काय, एवढेच मग तपासले जाते आणि ‘शाळा’ हा शब्द मुलाला आयताच मिळतो.