किती वाजता लिहिलं ते नको, काय बघून लिहिलं ते सांगा

मागच्या सीझनला दिंडोरीला मामांच्या बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. मामांनी बागेतून मोबाईलवर एंट्री टाकली, ४८ क्रेट. शेडवर मामेभावाने ती बघून क्रेट मोजले, ४५च निघाले, म्हणून पाच मिनिटांत आकडा दुरुस्त केला. संध्याकाळी मी नाशिकला घरी हिशोब उघडला तर परत ४८! मामांच्या फोनचं घड्याळ ७ मिनिटं पुढे होतं आणि ॲप ज्याची वेळ नंतरची त्याचीच एंट्री खरी धरायचं, त्यामुळे दुरुस्ती झाली आधीची आणि चुकीचा आकडा नंतरचा. तीन क्रेट गेले कुठे यावर घरात तासभर वाद.

मोठमोठ्या सर्व्हरचं पण असंच होतं. प्रत्येक मशीनमधलं क्वार्ट्झचं घड्याळ दिवसाला सेकंदभर सुद्धा सरकू शकतं, इंटरनेटवरून ते जुळवत राहतात पण तंतोतंत कधीच जुळत नाही, आणि एका सेकंदात तिथे हजारो नोंदी होऊन जातात.

लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ च्या रिसर्च पेपरमध्ये प्रश्नच बदलला. ‘आधी’ म्हणजे नक्की काय? एकाच मशीनवर जे अगोदर झालं ते आधी, मेसेज पाठवणं हे तो मिळण्याच्या आधी, आणि या दोन्हींची साखळी जोडत जे येतं तेही आधी. बाकी दोन घटनांमध्ये आधी-नंतर असं काही नाहीच! मला हे फार आवडतं.

त्याचं घड्याळ म्हणजे नुसता एक आकडा. काही घडलं की एकने वाढवायचा, मेसेजसोबत पाठवायचा, आणि ज्याला मेसेज मिळाला त्याने आपला आणि आलेला यातला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. मामांची एंट्री १, ती बघून केलेली भावाची दुरुस्ती २, म्हणजे फोनमध्ये काही का वाजले असेनात, दुरुस्ती नंतरचीच.

पण समजा मामांना रेंज नाही आणि दुरुस्ती न बघताच त्यांनी अजून दोन एंट्र्या केल्या, तर त्यांचा आकडा ३ होतो. ३ हा २ पेक्षा मोठा, पण मामांनी ते २ बघितलंच नव्हतं! एवढ्या एका आकड्यावरून हे कळत नाही. त्यावर १९८८ मध्ये कॉलिन फिज आणि फ्रीडेमान मॅटर्न यांनी वेगवेगळं काम करून एकच उपाय काढला, व्हेक्टर क्लॉक. एकाच्या जागी प्रत्येकाचा वेगळा आकडा ठेवायचा, इथे आधी मामांचा, मग भावाचा. मामांची पहिली एंट्री (१,०), भावाची दुरुस्ती (१,१), ही सरळ नंतरची. मामांची न बघता केलेली शेवटची एंट्री (३,०). आता (१,१) आणि (३,०) शेजारी ठेवून बघा, एकात मामांचा आकडा मोठा, दुसऱ्यात भावाचा. म्हणजे दोघांनी एकमेकांचं न बघता लिहिलंय, कुठलंच पुसायचं नाही. मशीन वाढली की ही यादी पण लांबते, तेवढा खर्च आहेच.

ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या डेटा साठवायच्या सिस्टीमचा पेपर काढला, त्यात हेच वापरलंय. खरेदीच्या कार्टच्या अशा दोन प्रती सापडल्या की दोन्ही एकत्र करायच्या, मग कधीकधी काढून टाकलेली वस्तू परत दिसते, पण कार्टमध्ये घातलेली वस्तू हरवत नाही.

आम्ही आता मामांकडे कागदावरच लिहितो. परवाची मामांची चिठ्ठी: “माझी ४, तुझी २ पर्यंत बघितली, ६२ क्रेट.” भावाची त्या वेळी ३ झाली होती, त्याने लगेच फोन लावला.